मामांचं भाजीचं पाणी

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात जितकी जीवनसत्त्वं खाल्ली, तितकी पुणे शहरात दुसऱ्या कोणी खाल्ली असतील असं मला वाटत नाही. माझी नोकरी हिशेबतपासणीची असल्यामुळे पुराव्याशिवाय मी असं ठोक विधान सहसा करत नाही. पण मामांच्या बिबवेवाडीच्या घरातलं शोकेस मी पाहिलेलं आहे. लोक शोकेसमध्ये गणपती ठेवतात, मुलांचे कप ठेवतात, आहेरात आलेला ताजमहाल ठेवतात. मामांच्या शोकेसमध्ये बाटल्या होत्या. वरच्या फळीवर अ, सबंध मधली फळी ब आणि त्याच्या भावंडांची, खाली क, ड आणि ई, आणि एका कोपऱ्यात, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, के. सगळा माल अमेरिकेचा. मामांचा मुलगा संगणकाच्या नोकरीसाठी तिकडे गेला होता. त्या वर्षांत बिबवेवाडीत दर जिन्याला एक तरी मुलगा अमेरिकेत असे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगांतून लोक चॉकलेटं, अत्तरं, कॅमेरे मागवत. मामा जीवनसत्त्वं मागवत. कोणाचेही आईवडील मुलाकडे राहून परत आले की दुसऱ्या दिवशी सकाळी मामा त्यांच्या दारात. "प्रवास बरा झाला ना? झोप लागतेय ना? माझी बाटली?" हे तीन प्रश्न एका दमात होत, आणि उत्तर फक्त तिसऱ्याचं ऐकलं जाई.

मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. समोर आलेल्या प्रत्येक वस्तूत काय कमी आहे ते शोधायचं, आणि सापडलं की ती बाजूला काढायची, असं त्यांचं सगळं नोकरीचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर समोर काडतुसं यायची थांबली, माणसं येऊ लागली. मामांनी काम चालू ठेवलं. रिक्षावाला कात्रजला यायला नाही म्हणाला की मामा त्याच्यावर चिडत नसत. "ब-एक कमी आहे हो त्याला, चिडचिड होणारच," असं म्हणून ते शांतपणे पुढच्या रिक्षाकडे वळत. सोसायटीचे चेअरमन हलकट आहेत यावर बाकी सभासदांचं एकमत होतं. मामांचं मत एवढंच, की तो माणूस उन्हात बसत नाही. मला तर त्यांनी पहिल्या भेटीतच निकालात काढलं. मी हॉटेलच्या बिलाची दुसऱ्यांदा बेरीज करून पाहत होतो, तेव्हा माझ्याकडे कनवाळू नजरेने बघत म्हणाले, "जावईबापू, तुमच्यावर माझा राग नाही. ब-सहा घेत चला."

पण गोळ्या हा झाला मामांचा बाहेरचा धर्म. खरी निष्ठा होती ती भाजीच्या पाण्यावर. बटाटे उकडले, पालक शिजवला, मटार वाफवले की त्या पाण्यात भाजीचं सगळं सत्त्व उतरतं आणि बायका ते मोरीत ओततात, हे मामांच्या मते या देशाचं मूळ दुखणं होतं. आमच्या लग्नात मुलीचे मामा म्हणून त्यांनी अंतरपाटापाशी उभं राहायचं, तर मामा बेपत्ता. शोधल्यावर सापडले मुदपाकखान्यात, मटारच्या पाण्याचं पातेलं दोन्ही हातांनी धरून. पातेल्याचं दुसरं टोक आचाऱ्याच्या हातात होतं. आचारी म्हणत होता, "काका, पंगतीला पाणीच वाढू का? भाजी राहू द्या मग." अखेर त्या पाण्याचं सार झालं. मुलाकडच्या मंडळींना ते वाढलं गेलं आणि माझ्या आत्याने "हा काय प्रकार आहे" असं विचारल्यावर मामांनी त्यातल्या जीवनसत्त्वांची नावं सांगितली. आत्या अजून त्याला नावांचं सार म्हणते.

मामी या सगळ्यात फार थोडं बोलत. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी एकदा पालकाचं पाणी ओतून दिलं होतं. त्यावर मामांनी जे व्याख्यान दिलं, ते त्यांना जन्मभर पुरलं. पुढची चाळीस वर्षं त्या घराच्या मोरीत भाजीच्या पाण्याचा थेंब गेला नाही. ते आमटीत जाई, कढीत जाई, पण मुख्यतः कणकेत जाई. मामांकडची पोळी नेहमी किंचित रंगीत असायची. पोळीवरून आदल्या भाजीचा अंदाज करता येई.

असं सगळं व्यवस्थित चाललं असताना मामांचे पाय सुजू लागले. त्यांनी स्वतःचं इन्स्पेक्शन स्वतःच केलं आणि ब-एक वाढवलं. सूज राहिली, म्हणून क वाढवलं. मग तोंडाची चव गेली, धाप लागू लागली, आणि मामींनी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या मनाने फोन उचलून आम्हाला बोलावलं. रक्त तपासलं. दोन्ही किडन्या बऱ्याच थकल्या होत्या. हे बरंच आधीपासून, रक्तदाबामुळे चालू असावं, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, "काय काय गोळ्या घेता?"

मामांनी पिशवी काढली. मग दुसरी काढली. डॉक्टर तरुण होते, पण पुण्याचे होते. त्यांनी बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि एकेक बाजूला सारायला सुरुवात केली. समोरच्या वस्तू कोणीतरी दुसरा बाद करतो आहे, हे मामा पहिल्यांदाच पाहत होते.

"अ बंद. किडनी थकली की ते शरीराबाहेर पडत नाही, साठत जातं, आणि साठलं की त्रास देतं."

"क तर पाण्यात विरघळतं," मामा म्हणाले.

"विरघळतं, पण एवढं घेतलंत तर त्याचं ऑक्झलेट होतं, आणि ते किडनीत खड्यासारखं साठतं. पुरेल इतकं मी देईन."

"ड?"

"रक्त तपासून. मी सांगेन तेव्हा आणि मी सांगेन ते. साधं ड कामाचं करून घ्यायला धड किडनी लागते. ई आणि के स्वतःच्या मनाने नको."

"मग राहिलं काय?"

डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक गोळी लिहिली. ब-वर्ग, फॉलिक ॲसिड आणि जेमतेम क, किडनीच्या माणसांसाठी बेताने केलेली. खालच्या दुकानातून मी ती आणली. मामांनी ती तळहातावर घेऊन चष्म्यातून, मग चष्म्यावरून पाहिली. "एवढीशी?" ते म्हणाले. "आमच्याकडे या आकाराचा स्क्रूसुद्धा पास झाला नसता."

याहून मोठा घाव आहारतज्ज्ञ बाईंनी घातला. मामांचं पोटॅशियम वाढलं होतं, आणि ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. उपाय सोपा होता. भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी काढून टाकायचं. पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. "आणि जीवनसत्त्वं?" मामांनी विचारलं. "तीही थोडी जातात, म्हणून तर ती गोळी आहे," बाई म्हणाल्या. बाईंनी दिलेला तक्ता मामांनी न वाचताच मामींकडे सरकवला. मामींनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून भाजी चिरून, उकळून, निथळून त्या काटेकोरपणे करू लागल्या.

तरी पोटॅशियम उतरेना. रिपोर्ट मी स्वतः आणत असे. पहिला पाच पूर्णांक आठ, पुढचा पाच पूर्णांक नऊ, त्याच्या पुढचा पुन्हा पाच पूर्णांक आठ. डॉक्टरांनी मामांची उलटतपासणी घेतली. नारळपाणी? नाही. केळं? नाही. चोरून टोमॅटोचं सूप? यावर मामा ताठ बसून म्हणाले, "डॉक्टर, मी इन्स्पेक्शनला होतो. माझ्या हातून माल चोरून जात नाही." डॉक्टर म्हणाले, "मग पुढच्या रिपोर्टात उतरायला हवं. पोटॅशियम उतरवायच्या गोळ्यांनी किती दिवस धरून ठेवणार? नाहीतर डायलिसिसचं बघावं लागेल."

मामा सुईला भीत नव्हते. पण एकदा यंत्राला जोडले गेलो की आपला बाद मालच झाला, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी शोकेस रिकामं करायला काढलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे लोकांना काय कमी आहे ते सांगणं त्यांनी सोडून दिलं. मी मुद्दाम त्यांच्यासमोर वाणसामानाच्या बिलाची दोनदा बेरीज केली. मामा खिडकीबाहेर बघत राहिले. परतताना ही स्कूटरवर मागे बसून रडत होती. "ते काहीच म्हणाले नाहीत हो तुम्हाला," म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही जेवायला गेलो. पान वाढलं. मामांची भाजी वेगळी, फिकट, निथळलेली, बिचारी. पोळी मात्र हिरवट. मी ती उजेडाकडे धरली. कुठलीही रक्कम एका खात्यातून गेली की ती दुसऱ्या कुठल्या खात्यात पोचली, हे विचारल्याशिवाय मला घास गिळवत नाही.

"मामी, भाजीचं पाणी काढलंत ना?"

"काढलं की. रोज काढते."

"आणि त्याचं काय केलंत?"

मामी माझ्याकडे बघत राहिल्या, जसं काही मी त्यांना माहेरचं नाव विचारलं होतं. "कणकेत घातलं," त्या म्हणाल्या. "फेकायचं कसं? ह्यांना चालत नाही."

मामांनी आपल्या पानातली पोळी उचलली, दुमडली, उलगडली, पुन्हा खाली ठेवली. मामींच्या लक्षात आता येऊ लागलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "अहो, भाजीतून काढा म्हणाल्या बाई, मी काढलं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं होतंत ना, सगळं त्यातच असतं म्हणून." मला वाटलं, आता मामा चिडणार. पण मामांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. हसताहसता त्यांना ठसका लागला. माझ्या बायकोने पाण्याचा पेला पुढे केला, तर डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे मामांनी मोजून दोन घोट घेतले आणि म्हणाले, "जावईबापू, चाळीस वर्षांत हिने माझी एकच गोष्ट मनापासून ऐकली. ती नेमकी ही."

मग मामींकडे वळून त्यांनी एक निर्णय दिला. पाणी फेकायचं काम तुझं नाही. तुझ्याच्याने ते होणार नाही, मी फेकीन.

ते त्यांच्याच्यानेही होत नव्हतं, हे संध्याकाळी कळलं. दुधीच्या पाण्याचं पातेलं घेऊन मामा मोरीपाशी उभे राहिले, वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. शेवटी तसंच पातेलं घेऊन मागच्या दाराने बाहेर गेले. घर तळमजल्यावर. कुंपणाच्या भिंतीला लागून कढीलिंबाचं एक मरतुकडं रोप होतं. मामांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "याला कमी आहे," ते म्हणाले. आणि पाणी निवेपर्यंत तिथेच थांबून त्याच्या मुळाशी ओतलं.

पुढचा रिपोर्ट पाच पूर्णांक एक. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी हसताहसता चष्मा काढून डोळे पुसले. तेव्हापासून आपल्या प्रत्येक पेशंटला ते सांगतात म्हणे, पाणी काढायचं म्हणजे घराबाहेर काढायचं, कणकेत नाही.

डायलिसिस लागलं, पण ते पुढे चार वर्षांनी. आणि तोवर मामा मूळ पदावर आले होते. डायलिसिसच्या हॉलमध्ये यंत्राला जोडलेल्या अवस्थेत ते शेजारच्या पलंगांचं इन्स्पेक्शन करत. "गोळी सकाळी घेऊन आलात? अहो, आता धुऊन जाईल ती. ब पाण्यात विरघळतं, यंत्र बिचारं काय करेल? नंतर घ्यायची, घरी जाताना." नर्सनी त्यांचं म्हणणं डॉक्टरांना विचारलं. बरोबर होतं. ती एवढीशी गोळी मामा शर्टाच्या वरच्या खिशात ठेवत आणि डायलिसिस संपलं की नेमाने घेत. अमेरिकेच्या बाटल्या मामींनी रिकाम्या करून, घासून स्वयंपाकघरात नेल्या. मोहरी अ मध्ये, जिरं ड मध्ये, हिंग के मध्ये. ब ची फळी सगळी डाळींना गेली.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. कढीलिंब पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पोचला आहे आणि सगळी सोसायटी त्याचा पाला नेते, चेअरमनसुद्धा.

मध्यंतरी आम्ही मामींकडे गेलो होतो. त्या बटाटे उकडत होत्या. उकडून झाल्यावर त्यांनी पाणी पातेल्यात निवत ठेवलं आणि गार झाल्यावर मागच्या दाराने घेऊन निघाल्या. आता त्या घरात कोणाचं पोटॅशियम मोजायचं नव्हतं.

"मामी, आता कणकेत चालेल की," मी म्हणालो.

"चालेल हो," त्या म्हणाल्या. "पण त्याला सवय लागलीय."

पाणी ओतून त्या जरा वेळ झाडापाशी थांबल्या. मग फांदी वाकवून दोन डहाळ्या तोडल्या, पदराला पुसल्या आणि हिच्या हातात दिल्या. मी मामींसाठी आणलेल्या किराण्याची पावती तपासायला हातात घेतली होती. बेरीज एकदा केली. दुसऱ्यांदा करताना मान वर करून पाहिलं, काही सांगायला कोणी नव्हतं; पावती तशीच घडी करून खिशात ठेवली.