देवाला वगळून

आकाराम उंब्रजचा, पण सांगलीच्या कोर्टात शिपाईगिरी करण्यात त्याची बावीस वर्षं गेली. साक्षीदाराचं नाव पुकारायचं, माणूस पिंजऱ्यात चढला की शपथ सांगायची: ईश्वरासमक्ष खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. पुढं त्यानं खुशाल खोटं बोलावं, हे रोजचंच. कधी एखादा मास्तर देव मानत नाही म्हणून नुसती प्रतिज्ञा मागायचा, तेव्हा आकारामला हसू यायचं. पुढं पुढं हसण्याचाही कंटाळा आला.

ब्याण्णव साली तो सुट्टीला गावी आला होता. पाण्याच्या पाळीवरून भांडण पेटलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत भाच्यानं, भाऊसोनं, शेजारच्या ज्ञानूचा पाय कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्यामागच्या बोथट बाजूनं, मोडला. आकारामनं पोलिसांना तसं सांगूनही टाकलं. मग बहीण शालूबाई त्याला पालच्या खंडोबाला घेऊन गेली. पोराचं लष्करात जायचं ठरलं होतं. शिक्षा झाली की ते बुडालं. तिनं बेलभंडारा पुढं केला. साक्षीत 'काही बघितलं नाही' म्हणेन, असं बोलून आकारामनं तो उचलला. कोर्टात खोटं बोलणारे त्यानं हजारांनी पाहिले होते. उचललेला भंडारा मोडणारा मात्र एकही पाहिला नव्हता.

दोन वर्षांनी कराडच्या कोर्टात तो स्वतः पिंजऱ्यात चढला. समोर ज्ञानू काठी धरून बसला होता, मागं शालूबाई. तिथल्या शिपायानं अगदी त्याच्यासारख्याच दमलेल्या आवाजात ईश्वराचं नाव घेतलं. आकाराम न्यायाधीशांकडं वळला.

"साहेब, देवाला ह्यात नगा वडू," तो म्हणाला. "त्येच्यापुढं मी आदीच एक बोलून बसलोय. मला नुस्ती प्रतिज्ञा द्या."

प्रतिज्ञा घेऊन त्यानं पाहिलेलं सगळं सांगितलं. सांगताना त्यानं ज्ञानूच्या पायाकडंच बघितलं, बहिणीकडं बघायची त्याची छाती झाली नाही.

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "दादा, भंडारा उचलला हुतास."

"व्हय. त्येचं पाप माझ्या एकट्याचं."

भाऊसोला शिक्षा झाली, लष्कर हुकलं. शालूबाईनं भावाचा उंबरा सोडला. आकाराम कोर्टात शपथ सांगत राहिला. पौषात पालच्या जत्रेला तो अजून जातो, पण देवळाअलीकडची नदी ओलांडत नाही. अख्खी जत्रा पिवळी होऊन परत येते, आणि हा अलीकडूनच हात जोडून कोऱ्या कपाळानं एसटीत बसतो.