सव्वीस आणि चौदा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही 'आता आहे' असं मी म्हणणार नाही. सोलापुरात एका सूतगिरणीच्या वजनकाट्यावर मी बावीस वर्षं काढली. काटा दाखवेल ते लिहायचं, दाखवत नाही ते लिहायचं नाही — एवढीच माझी विद्या. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि दर वेळी मनात येतं, अहो, अंतर किती होतं? वेळ किती गेला? ते कुणी सांगत नाही. म्हणून माझ्याकडचे आकडे मी देतो. एक आकडा मात्र माझ्याकडे नाही... तो का नाही, हे शेवटी कळेल.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या जानेवारीतली गोष्ट. गड्ड्याची जत्रा आटोपली आणि चौथ्या दिवशी मी, माझी वहिनी आणि पुतणी शैला असे तिघं एसटीने मालवणला गेलो. शैला तेव्हा वीस वर्षांची, कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलेलं. तिला समुद्राच्या तळाचे जीव जिवंत पाहायचे होते. गिरणीतल्या माझ्या एका सोबत्याचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने बाहेरदेशातून पाण्यात पाहायचे दोन चष्मे आणले होते — डोळे आणि नाक झाकणारे, रबराचे — आणि तोंडात धरायच्या दोन वाकड्या नळ्या. तोंड पाण्यात ठेवून नळीतून श्वास घेत खाली पाहत राहायचं. त्याला स्नॉर्कल म्हणतात, हे शैलाने सांगितलं.

शैला माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची मुलगी. अण्णा विहिरीत बुडून गेला तेव्हा ती दोन महिन्यांची होती. त्यानंतर वहिनीने तिला विहिरीच्या काठावर कधी उभं राहू दिलं नाही. सोलापूरच्या तलावावर तिला पोहायला मी शिकवलं, तेही वहिनीशी दोन वर्षं हुज्जत घालून. मालवणला जायचं ठरलं तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "तुमी सोबत हाय म्हणून पाठवते. आन् मी बी येणार. होडीत बसून राहीन, पर येणार."

आता विहिरीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमचं शेत होटगीच्या अलीकडे दोन मैलांवर. विहीर पायऱ्यांची. बुडी मारताना आमच्या घरात एक रीत होती, वडिलांनी घालून दिलेली. एकाने बुडी मारायची आणि दुसऱ्याने शेवटच्या पायरीवर बसून, दोन्ही हात पाण्यात घालून, दगडावर दगड वाजवायचा. एका आकड्याला एक ठोका. वर उभ्या माणसाला हा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही, पण पाण्याखालच्याला तो कानाशी वाजल्यासारखा येतो. पहिल्या ठोक्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, खळ्यावर धान्य मोजताना म्हणतात तसं. चाळीस झाले की भराभर तीन ठोके — म्हणजे वर ये. मग दहा आकडे थांबायचं. तरी डोकं वर दिसलं नाही तर मोजणाऱ्याने उडी टाकायची. त्यासाठीचे दोन काळे दगड तिसऱ्या पायरीच्या कोनाड्यात कायम ठेवलेले असत.

त्या दिवशी दोर तुटून तांब्याची घागर तळाला गेली होती. ती काढायला अण्णा उतरला. मोजायला मी होतो, वय एकवीस. सव्विसावा ठोका दिला आणि वरून वहिनीने विचारलं, "भावजी, भाकरी हितं आणू का घरी येताय?" मी वर पाहिलं. ऊन डोळ्यांवर आलं. म्हणालो, "हितंच आण. शेंगाची चटणी बी आण." ती वळली आणि मी पुन्हा मोजायला लागलो. सत्तावीसपासून.

चाळीस झाले. तीन ठोके दिले. दहा मोजले. उडी टाकली. अण्णाचा पाय ढासळलेल्या दोन दगडांत अडकला होता. दुसऱ्या हिसक्याला सुटला. पण अण्णा गेला होता.

लोकांनी विचारलं, मोजलं होतंस का? मी म्हणालो, पुरते चाळीस मोजले. ते खोटं नव्हतं. मध्ये थांबलो होतो, एवढं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एकोणीस वर्षांच्या, तान्हं लेकरू मांडीवर असलेल्या बाईवर बोट गेलं असतं. हे खरं आहे. त्याबरोबर मीही वाचलो, हेही तितकंच खरं आहे.

पुढे कित्येकदा मी ते बोलणं एकट्याने, घड्याळ लावून, पुन्हा बोलून पाहिलं. तिचा प्रश्न, माझं उत्तर. कधी सात सेकंद भरले, कधी अकरा. पण मी वर नुसता पाहत किती राहिलो होतो? ते धरलं तर...? तेवढ्यानेच तो गेला का, की त्याचं आधीच व्हायचं ते झालं होतं? हा हिशेब एकवीस... नाही, वीस वर्षं माझ्यापाशी अर्धा पडून होता. अण्णानंतर आमच्या घरात कुणी पाण्यात दगड वाजवला नाही. कोनाड्यातले दोन्ही दगड मीच विहिरीत टाकले. शैलाला ही रीत कुणी सांगितली नव्हती.

मालवणहून सकाळी आठला निघालो. वल्ह्यांची लहान होडी, होडीवाला एकटा, वयाने साठीचा. वारा नव्हता. पाऊण तासात एका खडकाळ बेटाशी पोचलो. माणसांची वस्ती नाही, एका अंगाला वाळूची चिंचोळी पट्टी. होडीवाल्याने दोराला बांधलेला एक मोठा दगड नांगर म्हणून टाकला आणि वल्ही आत घेतली. पाणी तिथे पुरुष-दीड पुरुष खोल असेल. तळ असा स्वच्छ दिसत होता की वहिनीने होडीच्या कडेला धरूनच ठेवलं होतं. तिला आधीच मळमळत होतं. होडीवाला तिची थट्टा करत होता, म्हणाला, सोलापूरच्या माणसांना पाणी रेशनवर मिळतं, म्हणून एवढं एकदम पाहून गरगरतं. ती हसली नाही.

अर्धा तास मजेत गेला. शैला आणि मी वीस-पंचवीस फुटांच्या अंतराने पोहत होतो. ती डोकं वर काढून ओरडायची, "काका, इकडे या की, तारामासा आहे." दर थोड्या वेळाने मी तिची नळी पाण्यावर दिसते का ते पाहत होतो. नळी लाल टोकाची होती, लगेच दिसायची.

मग मी एका कपारीत निळ्या माशांचा थवा पाहत थांबलो. आणि ठोके ऐकू आले.

टक्... टक्... टक्. दगडावर दगड.

पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. पाण्यात आवाज होतातच. पण माणसाची सवय विचित्र असते. मी मोजत होतो. केव्हापासून, ते कळलं नाही. भान आलं तेव्हा मनात सोळा-सतरा चाललं होतं. ठोके सारखे, एका चालीने, माझ्याच चालीने. बावीस. तेवीस. चोवीस. पंचवीस. सव्वीस.

आणि थांबले.

पुढचा ठोका आला नाही. मी सत्ताविसाची वाट पाहत राहिलो असतो... पण राहवलं नाही. मी डोकं वर काढलं. होडी जागेवर होती. वहिनी कडेला धरून बसलेली. होडीवाला विडी ओढत होता. लाल टोकाची नळी कुठेच नव्हती.

मी शैलाच्या जागेकडे गेलो. चष्मा वर सरकला होता तो तसाच फेकला. ती तळाशी होती, शिंपला घ्यायला खाली गेलेली. खडकाला अडकलेल्या जुन्या जाळ्यात तिचा पाय गेला होता आणि ती दोन्ही हातांनी ते ओढत होती. मी बुडी मारली. जाळं सुटेना. मग खडक बोचू नये म्हणून तिने घातलेली पट्ट्याची चप्पल, तीत जाळं गुंतलं होतं, तीच पायातून उपसली. दुसऱ्या हिसक्याला पाय सुटला.

होडीत घेतल्यावर ती पाणी ओकली, बराच वेळ खोकली, मग वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. वहिनी रडली नाही. तिचा हात मुलीच्या ओल्या केसांवर होता आणि नजर माझ्या हातांवर.

परतताना अर्ध्या वाटेत शैला म्हणाली, "काका, वाजवत काय होतात तुम्ही?"

मी विचारलं, काय वाजवत होतो?

"दगड. मी खाली गेले तेव्हा वाजत होतं. पाय अडकला आणि मध्येच बंद झालं. तेव्हा मात्र घाबरले. मग परत सुरू झालं, म्हणून मी मोजत राहिले, दुसरं काय करणार? चौदा झाले. मग भरभर तीन वाजले आणि तुम्ही पाय ओढलात."

सव्वीस आणि चौदा. वाचकहो, बेरीज तुम्हीच करा.

त्या चौदांतला एकही ठोका मी ऐकला नाही. आधी माझं डोकं पाण्याबाहेर होतं, नंतर कानात माझंच रक्त घणघणत होतं. माझे दोन्ही हात जाळ्यात होते. होडीवाल्याला खोदून विचारलं. तो म्हणाला, वल्ही आत होती, नांगराला एकच दगड, तोही काथ्याच्या दोरावर. लाटेने तळाचे दगड एकमेकांवर आपटतात, असंही तो म्हणाला. आपटत असतील. पण सव्वीसला थांबून, चौदा आपटून, वर तीन भराभर?

सोलापूरला आल्यावर तीन आठवडे मी गप्प होतो. काट्यावर बसलो की ओळी चुकायला लागल्या. बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच. शेवटी एका रविवारी दुपारी वहिनीसमोर बसलो आणि विहिरीचं आणि समुद्राचं, दोन्ही सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, काय ठाऊक आहे?

"वरनं दगडाचा आवाज येत न्हाई. पर हात दिसतात की. तुमी माझ्याशी बोलला तवा हात थांबले हुते. मी भाकरी बांधतानाच मनात म्हटलं, भावजींनी मोजायचं सोडलं." सूप तिने बाजूला ठेवलं. "इचारलं मी. त्या वक्ताला मीच इचारलं. तुमी बोलाल, मग मी बोलीन, असं म्हणत वीस वर्सं गेली."

मग तिनेच विचारलं, "शैलीला इचारलं का, मधी किती येळ थांबलं हुतं?"

म्हणजे तिलाही तेच हवं होतं. वीस वर्षं आम्ही दोघं एकाच घरात, एकाच आकड्यावर अडून बसलो होतो.

शैलाला मी विचारलं होतं. ती म्हणाली होती, सांगता येत नाही, मला तो वेळ फार वाटला. पण वहिनीने तिला आतून बोलावलं, हातात खलबत्त्याचा बत्ता दिला आणि म्हणाली, "तितं कसं वाजलं, तसं वाजव. मधी जेवढं थांबलं, तेवढंच थांब."

शैलाने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. का, ते विचारलं नाही. फरशीवर बसली, डोळे मिटले आणि ठोके द्यायला लागली. सुरुवातीचे तिने मोजलेले नव्हते, तिने आपले आठ-दहा दिले. मग बत्ता उचललेला तसाच हवेत राहिला.

घरात आवाज नव्हता. शेजारचा माग रविवारचा बंद होता. वहिनी माझ्या हातांकडे पाहत होती. माझं घड्याळ मनगटावर होतं, सेकंदकाट्याचं, गिरणीच्या भोंग्याशी रोज जुळवलेलं. मान दोन इंच खाली घातली असती तरी पुरे होतं.

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

मग बत्ता पुन्हा वाजायला लागला. चौदा. आणि भराभर तीन. "पुरे," वहिनी म्हणाली आणि सूप परत पुढ्यात ओढलं.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. पाण्यात कोण वाजवत होतं, ते मला सांगता येत नाही. त्याने मला सावध केलं की माझी चूक माझ्यापुढे परत मांडली, हेही ठरवता येत नाही. दोन्ही एकदमच झालं. शैला शिकते आहे, तिचा पाय बरा आहे. कुणा जाणकाराला यामागचं कारण सांगता आलं तर जरूर कळवावं. मधल्या वेळाचा आकडा मात्र मला विचारू नये. तो मी घेतलेला नाही.