बधिर गाल

मागच्या आठवड्यात माझी दाढ काढली. इंजेक्शननं अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापसाचा बोळा, आणि नेमका तेव्हाच मुलीचा फोन आला. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झालीत. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही आजोबा होणार."

मला हसायचं होतं, पण ओठ हलेनात. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "काका, फार दुखतंय का?" मी मानेनंच नाही म्हटलं.

बाहेर पडल्यावर वाटलं, चेहऱ्यावर हसू उमटलंच नाही, तर हा आनंद आहे तरी कुठे? एरवी आपण तो तोंडावरच शोधतो. पण रिक्षा सोडून मी चालत निघालो होतो. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला वाट देत होतो. घराचे तीन जिने कठड्याला हात न लावता चढलो.

बायकोनं दार उघडलं. माझ्या सुजलेल्या, वाकड्या तोंडाकडे तिनं लक्षही दिलं नाही.

"बेल अशी वाजवलीत म्हणजे काहीतरी चांगलं घडलंय. काय ते सांगा."

बोलता येत नव्हतं. मग दारातच उभं राहून मी दोन्ही हातांनी पाळणा हलवून दाखवला.