सात टाक्यांची साडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट सांगताना मला आजबी राग येतो, आणि मधीच कुणी दात काढले की मंग माझं तोंड सुटतं. चहा घ्या, बिस्कीट घ्या आणि गप ऐका.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. आम्ही परतूरला राहायचो. आमचे हे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात कामाला, मी प्राथमिक शाळेत बाई. मला खोड एकच, जुन्या कपड्यांची. फाटके न्हाई हो! जुन्या काळातले. तसे काठ आता कोण विणतं, तसा रंग आता कुठं चढतो? जालन्याला गेलं की बाया सराफाकडं वळायच्या, आणि मी रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचा ढीग मांडून बसलेल्या बायांपाशी फतकल मारायची. वीस लुगडी उपसावीत, उजेडात धरावीत, काठ नखानं खरवडावेत, तव्हा कुठं एक हाती लागतं. जुन्या खणाचं ब्लाऊज, जुन्या इरकलीचे काठ साध्या साडीला. अख्ख्या शाळेत माझ्यासारखं कुणी नेसत नव्हतं, आणि खर्च म्हणाल तर काहीच न्हाई.

"बाई, कुठून आणलं हो?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "हाय एक दुकान."

खरं कसं सांगणार? आपल्याकडं जुना कपडा म्हणजे मेलेल्या माणसाचा कपडा! लोकांच्या डोक्यात दुसरं काही शिरतच न्हाई. आणि ह्या लोकांची म्होरकी म्हणजे आमच्या थोरल्या जाऊबाई, अंबडच्या पुष्पाताई. मी दिसले की आधी माझा पदर हातात घेणार, वास घेणार, आणि मंग विचारणार, "कोण वारलं गं?"

आता सांगा, राग येईल का न्हाई?

तर एक दिवस आमच्या गल्लीत सायकलवर जुनी जरी घेणारा आला. हे लोक जरीच्या जुन्या साड्या घेतात आणि त्याबदली भांडी देतात. त्याच्या गाठोड्यातून एक काठ बाहेर लोंबत होता. वांगी रंगाची साडी, बोटभर रुंद जरीचा काठ, पदरावर मोर. माझे पाय जागीच थांबले.

"ही साडी काय करणार तुम्ही?"

"जलाणार, बाई. जरीतली चांदी निकलती."

"जाळणार? ही जाळणार? अहो, माणसाला जाळायच्या आधीबी लोक दोनदा नाडी बघतात!"

"अब क्या करू बाई, धंदा हाय."

मी घरात पळाले, पेटीतून माझा लग्नातला शालू आणला आणि त्याच्यापुढं आपटला. "हा घ्या, ती द्या." त्यानं शालूचा एक धागा उपसला, काडी ओढली, धागा पेटवला. धागा काळाठिक्कर पडला.

"बाई, यात चांदी बिलकुल न्हाई. तांब्याची तार हाय."

लग्नाला तेरा वर्षं झाल्ती! तेरा वर्षं मी तो शालू डांबराच्या गोळ्या घालून, मलमलीत गुंडाळून जपला, आणि सासरच्यांनी मला तांब्याची तार गुंडाळून आणलं होतं! त्या रागात मी न्हाणीतली पितळी घागर उचलली, त्याला दिली आणि साडी ओढून घेतली. संध्याकाळी हे आल्यावर म्हणाले, "पाणी कशात तापवायचं?" मी शालू दाखवला. मंग ते गुमान मोठं पातेलं शोधायला लागले.

पुढच्याच महिन्यात पुष्पाताईच्या लेकीचं डोहाळजेवण होतं, अंबडला. मी ती साडी नेसले. खरं सांगते, परतूरहून अंबडपर्यंत एसटीत बाया माझ्याकडंच बघून राह्यल्या होत्या.

ताईच्या दारात पाऊल टाकलं. चाळीस बाया बसलेल्या, मधी झोपाळ्यावर फुलांचे दागिने घातलेली लेक. ताईनं माझा पदर धरला, नाकाला लावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगंबया! शोभा, आज तरी जिवंत माणसाचं नेसायचं होतं. लेकीच्या पोटात बाळ हाय माझ्या!"

चाळीस बाया हसल्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आईची हाय ही! माझ्या आईच्या लग्नातली!"

झालं. हसणं जागच्या जागी बंद. बाया उठून आल्या, काठावरून हात फिरवायला लागल्या. एक म्हणाली, "खरी जरी हाय गं." दुसरी म्हणाली, "असं माहेर पाहिजे." मला इतका चेव आला म्हणता! मी म्हणाले, "आईच्या मामांनी हैदराबादहून आणल्ती." माझ्या आईला मामाच न्हाई! पण ताईचं तोंड पडलेलं बघून मी अजून दोन मामा जन्माला घालायला तयार होते.

तेवढ्यात मागून एक उंच, सडसडीत बाई आली. ताईच्या शेजारीण, कमल सिस्टर. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. अर्ध्या अंबडची बाळंतपणं त्यांनी केलेली. त्यांनी चष्मा वर केला, माझा पदर उलटा केला आणि मोराच्या पायाशी बोट ठेवलं.

"ही तुमच्या आईची?"

"हो."

"नक्की?"

"सिस्टर, आईची साडी मला कळत न्हाई का?"

"मंग हे टाके कुणी घातले?"

मी वाकून बघितलं. मोराच्या पायाशी फाटलेलं शिवलं होतं. सात टाके, प्रत्येकाला वेगळी गाठ.

"माणसाच्या कातडीला घालतात तसे टाके हायेत हे," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "मीच घातले. आमच्या मालकांनी पहिल्या पगारात ही साडी घेतल्ती मला. ते गेल्यावर एकदा ऊन द्यायला दोरीवर टाकली, आणि दोरीवरून कुणी नेली. दोन वर्षं झाली."

इथं थांबायचं होतं. इथंच! हात जोडून, "सिस्टर, मी ही जरीवाल्याकडून घेतली" एवढं म्हणायचं होतं. पण सिस्टरच्या खांद्यावरून मला ताई दिसली. ताई हसून राह्यली होती.

"म्हणजे माझी आई चोर हाय का?" मी ओरडले.

"मी तसं म्हणाले न्हाई."

"मंग काय म्हणालात? दोरीवरून गेली, आणि आईकडं निघाली! दुसरा अर्थ काय त्याचा? माझ्या आईनं उभ्या जन्मात दुसऱ्याची सुई घेतली न्हाई!"

हे बाकी खरं होतं. म्हणूनच मला अजून जोर चढला. खोट्यात एक खरं वाक्य मिसळलं की माणूस किती मोठ्यानं ओरडू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

"मंग आईलाच विचारू," ताई गोड आवाजात म्हणाली. "अंकुशनगर काय लांब हाय?"

आई अंकुशनगरला माझ्या भावाकडं राहायची. भाऊ साखर कारखान्यात होता, त्याला तिथं क्वार्टर होतं.

"चला!" मी म्हणाले. हो, मीच म्हणाले! मला कुणी ढकललं न्हाई. रागात माणूस स्वतःच्या पायानं विहिरीपर्यंत चालत जातो, आणि वर दुसऱ्यांना म्हणतो, जल्दी चला.

काळी-पिवळी जीप केली. पुढं सिस्टर, मागं ताई, मी आणि ताईच्या तीन मैत्रिणी, ज्यांचं ह्यात काडीचं काम नव्हतं. डोहाळजेवणाची वाटी-ओटी तशीच राहिली. वाटभर ऊसाच्या गाड्या आडव्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला, आणि मी मनात हिशेब करून राह्यले होते. आधी मी उतरायचं, आईला आत न्यायचं, कानात सांगायचं, हो म्हण. पण माझी आई! तिला ऐकू कमी येतं. कानात सांगितलेलं तिला कधी कळत न्हाई. आणि ऐकू कमी येणारं माणूस बोलतं कसं? अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

आई ओट्यावरच बसलेली होती, शेंगा फोडत. समोर नळाला ही रांग. सहा बाया जीपमधून उतरल्या, सगळ्यांचे चेहरे लाल. आई घाबरली.

मी तिच्यापाशी पोचायच्या आत सिस्टर तिच्यापुढं बसल्या. माझा पदर धरून, दवाखान्यात म्हाताऱ्यांशी बोलायच्या सवयीनं, मोठ्यानं म्हणाल्या, "आजी, ही साडी माझी हाय. दोरीवरून चोरीला गेल्ती. तुमच्या लेकीच्या अंगावर दिसली."

आईनं साडीकडं बघितलं. सिस्टरकडं बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत मला सगळं दिसलं. तिला वाटलं, माझ्या पोरीनं चोरी केली.

ती उठली. कमरेला हात देऊन, सावकाश. आणि नळाच्या पार पलीकडं ऐकू जाईल असं म्हणाली, "मी घेतली! मी चोरली ती साडी! माझ्या पोरीला काही बोलू नका, तिला काही माहीत न्हाई! पोलिसांत द्यायचं तर मला द्या!"

नळावरचा एकबी हंडा वाजला न्हाई.

सांगते तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा माझा राग जागच्या जागी विझला. मी आईला आत नेलं, सिस्टरला आणि ताईला बोलावलं, दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. जरीवाला, घागर, हैदराबाद, न झालेला मामा. शरमेनं आवाजच फुटेना, म्हणून कुजबुजत सांगितलं. आईला काहीच ऐकू आलं न्हाई. ती मधी मधी म्हणतच राहिली, "मी घेतली म्हणते ना!"

 ताई पदर नाकाला लावून खाली बघत होती. हसत होती का रडत होती, मला आजपर्यंत माहीत न्हाई आणि मी विचारणारबी न्हाई.

मी आतल्या खोलीत जाऊन साडी सोडली, वहिनीची नेसले, आणि ही घडी घालून सिस्टरच्या मांडीवर ठेवली. त्यांनी मोराच्या पायावरून अंगठा फिरवला. खूप वेळ फिरवत राहिल्या. मंग म्हणाल्या, "जळाली असती. तू घागर दिली म्हणून राहिली." आणि जाता जाता माझं मनगट धरून नाडी बघितली. "एवढा राग बरा न्हाई बाळा. बीपी तपासून घे."

त्या रात्री मी भावाकडंच राहिले. सकाळी आई तांब्या घेऊन बाहेर निघाली. आणि काय सांगू तुम्हाला! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, रांगेतल्या प्रत्येक क्वार्टरातून एकेक बाई पळत बाहेर आली आणि दोरीवरचे कपडे ओढून आत गेली. ओले कपडे! टपटप पाणी गळून राह्यलेले!

खरंच की. आईचं बोलणं सगळ्या जगानं ऐकलेलं, माझी कुजबूज कुणीच न्हाई.

वहिनी रडायला लागली. "वन्सं, आम्हाला इथंच राहायचं हाय हो." मी पदर खोचला आणि दारोदार निघाले. प्रत्येक उंबऱ्यावर तेच. "माझ्या आईनं चोरी केली न्हाई. साडी मी जरीवाल्याकडून घागर देऊन घेतली. जावेच्या रागापायी खोटं बोलले. चूक माझी हाय." कुणी चहा दिला, कुणी खोदून खोदून विचारलं, एकीनं मला दोनदा सांगायला लावलं कारण तिची बहीण न्हाणीत होती. दुपारपर्यंत माझा घसा बसला.

शेवटचं दार शिंदेमामांचं. रिटायर झालेले वॉचमन. त्यांनी बाज पुढं केली, मला पाणी दिलं, आणि डोळे मिटून, मान हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, चला, एक तरी समजदार माणूस भेटला.

"म्हणजे आईनं न्हाई घेतली," मामा म्हणाले.

"न्हाई मामा. बिलकुल न्हाई."

"तिनं उगंच अंगावर घेतलं. लेकीसाठी."

"हो मामा, बराबर."

मामांनी डोळे उघडले. माझ्याकडं लई मायेनं बघितलं आणि म्हणाले, "असू दे पोरी. होती कधी कधी चूक. मन मोठं लागतं कबूल करायला."

आणि मान वळवून आत हाक मारली, "अगं ए, माझं धोतर दोरीवरून काढून घे!"