शेजारी ठेवलेलं प्रस्थान

आमच्या घरात सहलीचं नियोजन मी करते, कारण दुसऱ्या कुणी केलेलं मला पटत नाही. नवरा म्हणतो, तू फिरायला जात नाहीस, प्रोजेक्ट डिलिव्हर करतेस. आयटीत बारा वर्षं मी तेच करत आलेय. ही सवय घरात शिरताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवता येत नाही, त्याला मी काय करू?

मेलबर्नहून अ‍ॅडलेडला सरळ हायवेने गेलं तर एका दिवसाचा रस्ता आहे. मी तो समुद्राच्या कडेकडेने चार दिवसांचा केला. एक्सेलच्या शीटमध्ये प्रत्येक मुक्काम, प्रत्येक चहा, प्रत्येक टॉयलेट ब्रेक. माउंट गॅम्बियरचं निळं तळं जुलैत निळं नसतं, राखाडी असतं, हेही कंसात लिहिलं होतं, म्हणजे ऐनवेळी कुणाचा हिरमोड नको. राज्याच्या सीमेवर फळं टाकून द्यावी लागतात, म्हणून ‘सफरचंदं आदल्या दिवशी संपवणे’ अशी एक ओळ होती.

पण सहल हे वरचं वेष्टन होतं. आतलं काम वेगळं होतं. सासरे गेल्यावर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात आल्या, त्याला आठ महिने झाले होते. भांडण एकदाही झालं नाही. पण माझे डबे त्यांच्या जागी आणि त्यांचे डबे माझ्या जागी, असं करता करता मी माझ्याच किचनमध्ये मीठ शोधायला लागले होते. मला माझं किचन परत हवं होतं. एका शनिवारी मी नवऱ्याला म्हटलं, “आता काही दिवस तुझ्या भावाकडे राहू देत ना. त्याचीही आईच आहे.” भाऊ अ‍ॅडलेडला. तो लगेच हो म्हणाला. किती दिवस, हे त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आईंना तर कुणीच काही विचारलं नाही. आम्ही त्यांना सहल सांगितली.

रविवारी दुपारी मी ते शीट टीव्हीवर लावलं. नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि आई सोफ्यावर. मी रिमोट घेऊन उभी. रस्ता, मुक्काम, खाणं, गाडीची तपासणी. शेवटचा टॅब होता ‘ड्रॉप-ऑफ’. जावेचा प्रेशर कुकर, दिराचं ड्रिल मशीन, लोणच्याच्या दोन बरण्या, आई आणि दोन बॅगा. तो टॅब मी भरकन पुढे नेला. आई भूगोल शिकवून निवृत्त झाल्यात, चष्म्याशिवायही फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून वाचतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, “पुढच्या बुधवारी निघायचं? त्या दिवशी अमावास्या आहे.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सगळी बुकिंगं नॉन-रिफंडेबल. सुट्ट्या, शाळा, ऑफिसचा रिलीज, हवामान, सगळं तपासलं होतं; कॅलेंडरवरचा काळा ठिपका तेवढा राहिला होता.

“असू दे,” आई म्हणाल्या. “येता गुरुवार चांगला आहे. मी प्रस्थान ठेवते.”

ही जुनी पद्धत मी फक्त ऐकून होते. नेमका निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू, तांदूळ, सुपारी, हळकुंड असं फडक्यात बांधून शेजाऱ्याच्या घरी ठेवायचं. माणूस तिथून निघाला असं मानायचं. मग प्रत्यक्ष पाऊल कधीही उचला, प्रवास सुरू झालेलाच असतो. वाटेत ते गाठोडं उचलून घ्यायचं. मात्र एकदा ठेवलं की मध्येच गाठ सोडायची नाही आणि ते घरात परत आणायचं नाही.

गुरुवारी सकाळी मी बेडरूममध्ये मीटिंगला बसले होते, तेव्हा आई एक गाठोडं घेऊन शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजीबाईंकडे जाऊन आल्या. त्यांचं इंग्रजी आणि आजीबाईंचा कमी ऐकू येणारा कान, काय समजावलं देव जाणे. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, “नो वरीज म्हणाली बाई.”

त्याच संध्याकाळी ते सुरू झालं.

इथे जुलै म्हणजे हिवाळा, साडेपाचलाच अंधार पडतो. आमच्या पोर्चमध्ये हालचालीवर लागणारा दिवा आहे. मी गाडीतून उतरून दाराशी आले, दिवा लागला नाही. हात हलवले, उड्या मारल्या. अंधारातच चाचपडत किल्ली लावली. दहा मिनिटांनी आई कचरा टाकायला गेल्या आणि पोर्च लख्ख उजळला.

शुक्रवारी सुपरमार्केटचं काचेचं दार माझ्यासमोर उघडेना. मी ट्रॉली घेऊन तशीच उभी. मागून एक बाई आली, तिच्यासाठी उघडलं, तिच्या पाठोपाठ मी आत सरकले. दुपारच्या कॉलवर मी पाच मिनिटं बोलत होते आणि मॅनेजर म्हणाला, “आर यू स्टिल देअर?” माइक चालू होता, मी तपासला. शेजारचा कुत्रा रोज कुंपणाशी मला पाहून ऊर फुटेस्तोवर भुंकतो. त्या दिवशी तो माझ्या दिशेने पाहत होता, तरी गप्प होता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या भुंकण्याची वाट पाहावीशी वाटली.

मी अशा गोष्टींना भीक घालणारी बाई नाही. सेन्सर बिघडतात, नेट अडकतं, कुत्री म्हातारी होतात. हे मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. घरात तेव्हा कुणी नव्हतं, आणि माझाच आवाज मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

शनिवारी संध्याकाळी मुलीला ताटं घ्यायला सांगितली. मी भात घेऊन आले तर टेबलावर एकच ताट होतं. आजीच्या जागेवर.

“अगं, बाकीची कुठेत?”

ती गोंधळली. टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “सॉरी मम्मा. आय थॉट वी हॅड लेफ्ट ऑलरेडी.”

नवरा हसला, म्हणाला, सहलीची घाई झालीय तिला. आई हसल्या नाहीत. उठल्या, तीन ताटं काढली, आणि पाहुण्यांना वाढावं तसं आम्हाला वाढलं. “संकोच करू नका,” असंही म्हणाल्या. माझ्याच घरात.

मग माझ्या लक्षात आलं की गुरुवारपासून त्या वेगळ्याच वागतायत. मीठ, साखर, डाळी, सगळे डबे त्यांनी माझ्या जुन्या जागी नेऊन ठेवले होते. किचन मला परत मिळालं होतं. आणि मी ओट्याशी उभी राहिले की ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं. रविवारी मी दिवसभर माझे कानातले शोधले. मोत्यांचे, रोजचे. सापडले नाहीत.

सोमवारी संध्याकाळी कचऱ्याचे बिन्स बाहेर काढायला सांगायचं आणि किल्ली द्यायची म्हणून मी शेजारी गेले. बेल तीनदा वाजवावी लागली. आजीबाईंनी दार उघडलं आणि दचकल्या.

“ओह, लव्ह! आय थॉट यू लॉट हॅड गॉन. घरात दिवे दिसतात, पण कुणी असेल असं वाटत नाही बघ.” असंच काहीसं म्हणाल्या. आणि मग, तुझी मदर-इन-लॉ मात्र रोज येते, असं सांगून त्यांनी मला आत नेलं. बैठकीच्या खोलीत फोटोंच्या शेजारी ते गाठोडं होतं. रोज आर्वोला, म्हणजे दुपारी, आई येतात, त्याच्याजवळ अर्धा तास बसतात, चहा घेतात आणि जातात. एकदा म्हणाल्या होत्या म्हणे, की हे नीट सांभाळा, यात माणसं आहेत.

फडकं माझ्या जुन्या ओढणीचं होतं. आजीबाई किल्ली ठेवायला आत गेल्या, तेवढ्यात मी गाठ सोडली. सोडायची नसते, हे मला माहीत होतं. तांदळात नवऱ्याचा रुमाल होता. मुलीची फुलपाखराची क्लिप. आणि माझे मोत्यांचे कानातले. मी पुन्हा पुन्हा तांदूळ चाळवले. आईंचं त्यात काही नव्हतं. चष्म्याचं जुनं केस नाही, साडीचा तुकडा नाही, काहीच नाही.

गाठ पुन्हा तशीच बांधली. घरी आले. पोर्च अंधारा. आई डायनिंग टेबलाशी मेथी निवडत होत्या.

“आई, गाठोड्यात तुमचं काहीच नाही.”

“तू गाठ सोडलीस?”

“हो. का नाही तुमचं?”

त्यांनी काडी मोडली, पानं बाजूला केली. रागाचा मागमूस नव्हता, तेच मला सोसेना. शाळेत एखादीला सोपा प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं, “अगं, सामानाचं प्रस्थान कुणी ठेवतं का?”

मला लाज वाटली. कुकर, ड्रिल, बरण्या, आई. टीव्हीच्या पंचावन्न इंची स्क्रीनवर.

“प्रवास तुमचा,” त्या म्हणाल्या. “जाऊन परत यायचंय ते तुम्हाला. सुखरूप यावं म्हणून ठेवलं. मला तर पोचवायचंच आहे.”

मी माफी मागितली. नीट, अडखळत, रडत. आठ महिन्यांचं सगळं सांगितलं, मिठासकट. मग म्हटलं, “तुमचा रुमाल द्या आई. मी आत्ता जाऊन त्यात ठेवते.”

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. “आज दिवस चांगला नाही,” म्हणाल्या आणि मेथीकडे वळल्या.

तो टॅब मी त्या रात्री उडवला. परतीच्या प्रवाशांत आईंचं नाव लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं, कारण उत्तर माझ्या हातात नव्हतं. मंगळवारी पुन्हा रुमाल मागितला. पुन्हा दिवस चांगला नव्हता.

बुधवारी अमावास्येला आम्ही निघालो. वाटेत गाठोडं उचललं आणि ते चार दिवस आईंच्या मांडीवर राहिलं. शीटमधलं सगळं मिनिटाबरहुकूम झालं. समुद्रातले ते प्रसिद्ध खडक धुक्यात उभे होते, दिसत होते की नव्हते सांगता येत नाही. निळं तळं राखाडी होतं. कूरॉंगच्या लांबच लांब खाडीशेजारून जाताना मैलोन् मैल एकही गाडी भेटली नाही. मी आरशात मागे बघत होते. आई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि पोरीला सांगत होत्या की खाडी म्हणजे काय आणि वाळूचा दांडा कसा तयार होतो. प्रत्येक मुक्कामी मी विचारत होते, “परत याल ना आमच्याबरोबर?” त्या म्हणत, “बघू.”

त्या आल्या नाहीत. दिराकडे दोन दिवस राहून आम्ही निघालो, तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या. मी काच खाली केली. त्यांनी गाठोडं परत दिलं, आणि त्याच्यावर अजून एक, छोटंसं, पांढऱ्या रुमालात बांधलेलं. रुमाल त्यांचा होता.

“हे शेजारच्या बाईंकडे ठेव. घरात नेऊ नकोस,” म्हणाल्या. “तीन महिने राहते इथे. मग न्यायला या. आज दिवस चांगला आहे.”

ते पांढरं गाठोडं मी घरी आल्या आल्या आजीबाईंना नेऊन दिलं. परत येताना कुत्रा माझ्यावर जीव तोडून भुंकला, आणि मी तिथेच कुंपणाला धरून रडले.

तीन महिन्यांतला दीड झालाय. परतीच्या रस्त्याचं शीट मी अजून केलेलं नाही. या वेळी ते आई करणार आहेत. पोर्चमधला दिवा आता माझ्यासाठी लागतो. पण संध्याकाळी, आई कचरा टाकायला बाहेर पडायच्या त्या सुमाराला, तो कुणी नसतानाही लागतो. नवरा म्हणतो पोसमसारखं एखादं जनावर असेल. मी वाद घालत नाही. मिठाचा डबा मी उचलून त्यांच्या जागेवर ठेवलाय, आणि दिवा लागला की उठून दार उघडते.