रेखाच्या ब्लाउजचे चार खिसे

ब्लाउजचं माप द्यायचं तर बाईला दोन्ही हात वर करावे लागतात. आणि हात वर करून उभी असलेली बाई फार वेळ गप्प राहत नाही. टेप पाठीमागून फिरून पुढं येईपर्यंत ती सुनेचं, सासूचं, गुडघ्याचं, सगळं सांगून मोकळी होते. मी दिग्रसला बावीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. शाळा दहावीपर्यंतच झाली, पण या मशीनवर बसून जे कळलं ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. मशीनखाली चिंध्या साचतात तसे साचतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा आहेतच.

दुपारच्या चहाला आमच्या ओट्यावर आम्ही चौघी असायचो. अंगणवाडीच्या निर्मलाताई, तांड्यावरून गावात येऊन घर बांधलेल्या सीताबाई राठोड, भिंतीला भिंत लागून राहणारी रेखा, आणि मी. सगळ्या पन्नाशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. हसण्यासारखं पुष्कळ झालं त्या ओट्यावर. पण एक किस्सा माझ्या जिभेचा आहे, आणि तो रेखाला भोवला. तो गाळून बाकीचे सांगितले तर माझंच मन मला खाईल.

* * *

चाळिशी उलटली की बाई टेप टाळते. तेव्हा ती माप देत नाही, मापाचं ब्लाउज आणून देते. जुनं, एकेकाळी छान बसलेलं.

निर्मलाताईंनी असंच एक आणलं. "याच मापाचं शिवजो, शोभा. बोटभरबी इकडंतिकडं नको."

टाका माझाच होता, मी ओळखला. त्यांचा पिंट्या चौथीत होता तेव्हाचं ब्लाउज. आता पिंट्यासाठी पोरी पाहणं सुरू होतं. तरी सांगितलं तसं शिवून दिलं. दुसऱ्या दिवशी ताई पदर घट्ट लपेटून हजर.

"कापड आटलं वं."

"ताई, अजून पाण्यात कुठं घातलं?"

ताईंनी थोडा विचार केला. "मंग हवेनं आटलं असन."

तेव्हापासून चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईच्या ब्लाउजमध्ये मी न सांगता दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं कापड आत सोडते. वर्षभरानं बाई येते, मी एक शिलाई उसवते, बाई खूश. सीताबाई तर म्हणतात, "तुह्या हाताले बरकत हाये बाई. तुहं ब्लाउज अंगासंगं वाढते."

कापडात सोडायचं मला बरोबर सुचलं. बोलण्यातलं थोडं आत दाबून ठेवायचं मात्र सुचलं नाही.

* * *

चष्मा लागला होता, पण मी घेत नव्हते. एकदा सुईत दोरा जाईना. मी म्हटलं, दोरा खराब आहे. निर्मलाताईंनी सुई घेतली, बराच वेळ झटल्या आणि म्हणाल्या, "दोरा नाही, सुई खराब हाये." रेखा म्हणाली, उजेडच कमी आहे. दुपारचे चार वाजले होते! सीताबाईंनी सुई हातात घेऊन फक्त उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "चौघीत मिळून एक चष्मा घ्या. पाळीपाळीनं वापरू."

तेवढ्यात रेखाचे मालक दिलीपभाऊ वावरातून आले. त्यांना आमच्या ओट्यासमोरूनच जावं लागतं. गाडी थांबवली, माझ्या हातातली सुई घेतली, कापूस वेचून खरबडीत झालेल्या बोटांनी एका झटक्यात दोरा ओवला, सुई परत दिली आणि निघून गेले. तोंडातून शब्द नाही.

"अठरा वर्षं झाली शेजारी राहून," मी म्हटलं. "या माणसाचा आवाज कसा हाये हेच मले ठाऊक नाही."

रेखा म्हणाली, "म्या ऐकला हाये. लग्नात. 'चालते' म्हणे."

* * *

पौषातली गोष्ट. थंडी अशी की सीताबाई दोन शाली घेऊन बसलेल्या. मागच्या भिंतीला अलीकडून-पलीकडून विटा रचून रेखानं आणि मी पायरी केली होती. त्या विटांवरून ती आली आणि आल्याबरोबर पंखा लावला.

"याडी ये!" सीताबाई ओरडल्या. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "मारतं का मले?" त्यांनी उठून पंखा बंद केला. रेखानं पुन्हा लावला. असं चार वेळा झालं. रेखाच्या कपाळावरून खरंच घाम निथळत होता. चेहरा तापलेल्या तव्यासारखा. आणि मग कारण नसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

निर्मलाताई समजुतीनं म्हणाल्या, "वयाचं हाये ते. होते असं."

"तुमच्या रजिस्टरात नसते का याच्यावर काही?"

"रजिस्टरात गरोदर बाई हाये, बाळंतीण हाये, लेकरू हाये. पन्नाशीच्या बाईचं पान नाही."

"मंग मले कुठं लिवता?"

"शेरा म्हणून," ताई म्हणाल्या.

आम्ही हसलो. रेखाही हसली. मग सीताबाईंनीच उठून पंखा लावून दिला आणि आपली एक शाल मला दिली.

* * *

रेखाची पोरगी मारेगावला दिली. पोरगा पुण्याला कंपनीत. फोन लावला की तो म्हणायचा, "आई, मिटिंगमध्ये आहे, मग करतो." घरात दोघंच उरली, पण रेखाचा हात चौघांच्याच पिठाचा. उरलेल्या भाकरी भिंतीवरून आमच्याकडं यायच्या.

एक दिवस मी भिंतीपलीकडं आवाज दिला, "रेखा, काय करून राह्यली वं?"

"मिटिंगमध्ये हाये."

आता माझा स्वभाव तुम्हाला कळला असेलच. मी विटांवर चढून पाहिलं. अंगणात बाजेवर एकटीच बसलेली. दोन्ही हात मांडीवर. ना सूप, ना निवडायला दाणे.

"कोणासंगं मिटिंग?"

"कोणी आलंच नाही," ती म्हणाली. "आता माहं काय कराचं, ते ठरवाचं होतं."

मी हसत हसत खाली उतरले आणि त्याच दिवशी ओट्यावर ते सगळ्यांना सांगितलं. चांगला किस्सा म्हणून.

* * *

चैत्रात रेखा चार कापडं घेऊन आली. चारही मळखाऊ रंगाची.

"आतून खिसा ठेवजो, शोभाबाई. मोबाइल बसला पाह्यजे."

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाई खिसा मागते म्हणजे ती कुठंतरी निघाली. मी मुद्दाम टेप काढला. "हात वर कर." तिचं माप मला तोंडपाठ होतं, तरी.

हात वर केल्यावर तिनं सांगितलं. यवतमाळला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळायला बाई पाहिजे होती. तिथंच राहायचं, रविवारी घरी. जूनपासून. तिनं एसटीनं जाऊन बघून घेतलं होतं, त्यांनी होकारही दिला होता.

"पन्नास-साठ पोरी हायेत," ती म्हणाली. "तिथं भाकरी उरत नाही, शोभाबाई. जेवढ्या टाकीन तेवढ्या खपतीन."

एवढी सरळ उभी राहिलेली रेखा मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. पाठीचं माप अर्ध्या इंचानं वेगळं आलं.

"दिलीपभाऊ काय म्हणतात?"

"त्यायले अजून सांगतलं नाही. आखाजी होऊ दे, पोरगी-जावई येऊन जाऊ दे. मंग सवडीनं, माह्या तोंडानं सांगीन. घाईत सांगतलं तर त्यायले वाटन, मी त्यायले सोडून चालली. तवरोक कोणाले सांगजो नको."

मी मशीनवर हात ठेवून शपथ घेतली. खिसे असे शिवले की बाहेरून टाका दिसू नये.

* * *

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आठ दिवस होते. मी निर्मलाताईंना सांगितलं नाही. सीताबाईंनाही नाही. आमच्या ह्यांनाही नाही. माझं मलाच कौतुक वाटायला लागलं होतं.

त्या संध्याकाळी दिलीपभाऊ वावरातून आले. थकलेले, डबा रिकामा, गाडीला खडखडत होता. मला वाईट वाटलं. म्हटलं, माणसाला धीर द्यावा.

"भाऊ, तुम्ही जेवणाची चिंता करू नका. रेखा यवतमाळले गेली तरी तुमच्या डब्याचं मी पाहीन."

त्यांनी एक पाय जमिनीवर टेकवला.

"कोण गेली तरी?"

अठरा वर्षांत माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द.

रात्रीचं जेवण होईपर्यंत मी भिंतीशी उभी होते. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ताट वाजलं नाही, आवाज चढला नाही. एवढंच ऐकू आलं की भाऊ म्हणाले, "जा ना मंग."

तीनच शब्द, पण ज्या आवाजात ते म्हटले त्यानंतर कोणी जाऊ शकत नाही.

* * *

जूनच्या पहिल्या आठवड्यात रेखा चारही ब्लाउज घेऊन आली. घडी मोडलेली नव्हती.

"खिसे काढून टाक."

"काहून वं? राहू दे ना. लागते कवाबवा."

"कायले लागते? चुलीपासून अंगणापर्यंत जायले खिसा लागते का?"

एवढंच बोलली. मला शिवी दिली नाही, विचारलंही नाही की काहून सांगितलं. मी मान खाली घालून एकेक टाका उसवला. ती समोर बसून होती. काढलेले चार खिसे मी बटणांच्या डब्यात टाकले. तिला ते दिसलं. मी मजुरी नको म्हटलं, तर तिनं ती मशीनवर ठेवली.

ब्लाउज घेऊन निघाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती आज समोरच्या दारानं आली होती. चपला बाहेर काढून, पाहुण्यासारखी. त्यानंतर ती विटांवरून कधी आली नाही. तिकडच्या बाजूच्या विटा तशाच रचलेल्या राहिल्या, त्यांच्यात गवत उगवलं. माझ्या बाजूच्या मी रोज झाडते.

ओटा भरतो, पण तीन कप चहा होतो. सीताबाई एकदा म्हणाल्या, "बाई, दुसऱ्याच्या ब्लाउजात तू चोरून कापड सोडतं ते मले ठाऊक हाये, मंग बोलताना काहून काहीच आत ठेवत नाही?" त्या दिवशी कुणी हसलं नाही. चष्माही मी त्याच पावसाळ्यात घेतला. आता दोरा ओवायला कुणी लागत नाही.

* * *

यंदा आखाजी होऊन चार दिवस झाले होते. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. दिलीपभाऊ समोरच्या दारात उभे. हातात बियाण्याची रिकामी पिशवी.

"वहिनी," ते म्हणाले, आणि पिशवीतून ते चार ब्लाउज काढून मशीनवर ठेवले. "याचे खिसे परत लावून द्या."

"रेखानं पाठवलं?"

"नाही. ती झोपली हाये."

माझ्या तोंडात दहा प्रश्न आले. एकच बाहेर पडला. "तिथली जागा तर मागच्याच साली भरली ना, भाऊ?"

"विचारून आलो. तिथली बाई काम सोडून चालली."

म्हणजे हा माणूस एसटीत बसून यवतमाळला गेला होता, आणि तिथं जाऊन चार लोकांशी बोलला होता. मी बटणांचा डबा काढला. चारही खिसे तळाशी होते. मशीनच्या सुईत दोरा घालायला लागले, तर चष्मा नाकावर असून तो आत जाईना. ओट्यावर टेकलेले भाऊ उठले, त्यांनी दोरा ओवून दिला आणि परत जाऊन बसले.

मी चारही खिसे लावले. भाऊंनी आपला मोबाइल काढला आणि पहिल्या ब्लाउजच्या खिशात घालून पाहिला. बसला. मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, प्रत्येक खिशात घालून, वरून हात फिरवून पाहिलं.

"बसते," ते म्हणाले.

ब्लाउज त्यांनी जमेल तशी घडी करून पिशवीत ठेवले. पायऱ्या उतरले, थोडं पुढं गेले, आणि मागं वळून म्हणाले,

"वहिनी, आता सांगा साऱ्यायले."