सेवुगनच्या गाडीतली माती

सेवुगनच्या गाडीत मागच्या सीटखाली वाळूची पिशवी असते. कुणाला उलटी झाली तर वर टाकायला. तमिळनाडूत कारैकुडीच्या आसपास चेट्टियार सावकारांच्या जुन्या हवेल्या दाखवत फिरणारे ड्रायव्हर खंडीभर आहेत, पण वाळू बाळगणारा हा एकच. बाकीचे त्याला डिवचतात, "काय रे, गवंडीकाम धरलंस की काय?" तो हसत नाही. कारण मला ठाऊक आहे.

सेवुगन आमच्या खालच्या आळीतला. बापाने गावाच्या मयतीला ढोल बडवला, ह्याने स्टिअरिंग धरलं. पर्यटकाची विसरलेली छत्री परत द्यायला मदुरैपर्यंत गेलेला माणूस. असा माणूस आळीत असला की आमच्यासारख्या भांडखोर बाईला बरं असतं. समोरच्याच्या तोंडावर फेकायला एक नाव असतं.

आणि मी ते फेकलंही. वेशीवरच्या राईत आमचा अय्यनार आहे, राखणदार देव. त्याला अधूनमधून नवे मातीचे घोडे देतात. घोडे कुंभार घडवतो, पण गावाच्या तळ्यातली मूठभर माती त्याच्या हाती पडल्याशिवाय तो कामाला हात लावत नाही. ती मूठ त्याच्या चिखलात मिसळली की घोडा गावाचा. नाहीतर नुसतं मडकं. तळ्याची माती लोटक्यात भरायची, वर पिवळं फडकं बांधायचं, आणि वाटेत कुठेही खाली न ठेवता कुंभाराकडे पोचवायची. नेणाऱ्याला मिरवणुकीच्या दिवशी फेटा बांधतात. हा मान पिढ्यानपिढ्या वरच्या आळीचा. आम्ही फक्त मिरवणुकीपुढे ढोल वाजवायचा.

मी देव मानत नाही. पण मान कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, ह्यावर मी कुणाशीही भांडेन. कित्येक वर्षं भांडले. गावचे पुढारी वयरवन अंबलम, त्यांच्या ओट्यावर आळीच्या बायकांना घेऊन ठाण मांडलं. शेवटी ते करवादले, "बरं बाई, घेऊन जा माती! पण कोण नेणार? मला माणूस दाखव."

मी म्हटलं, "सेवुगन. काढा त्याच्यात खोट."

त्यांना काढता आली नाही.

माती न्यायच्या दिवशीच सेवुगनला एका दिवसाच्या फेरीचं भाडं होतं. कोईमतूरचं नवरा-बायकोचं जोडपं. मी म्हटलं, सोड ते भाडं. तर म्हणाला, "अक्का, शब्द दिलाय त्यांना. कुंभार वाटेवरच आहे, जाता जाता देतो. जमिनीवर थोडीच ठेवणार आहे?"

लोटकं त्याने डॅशबोर्डवर मुरुगनच्या तसबिरीशेजारी ठेवलं. गाडी म्हणजे काही जमीन नव्हे, असा त्याचा हिशोब.

पाहुणीबाई तायारम्मा. त्यांनी सुरुवातीलाच धाकट्या भावाला सांगावं तसं फर्मावलं, "तंबी, देऊळ दुपारी बंद होतं. आधी पिळ्ळैयारपट्टी." म्हणून आधी गणपती. मग अत्तंगुडीला फरश्या ओतताना बघायच्या, मग एक हवेली, मग जेवण. केळीच्या पानावर कोंबडी, मटण, खेकडा, परत कोंबडी. नवऱ्याने काही म्हणून सोडलं नाही. कुंभाराचा फाटा जवळ आला आणि मागून आवाज, "गाडी थांबव, गाडी..." थांबेस्तोवर सगळं गाडीतच झालं होतं.

सेवुगन पळत टपरीवर गोटीसोडा आणायला गेला. परत आला तर तायारम्मा पदर खोचून उभ्या.

"घाबरू नकोस तंबी, मी निस्तरलं. बरं झालं पुढे माती ठेवली होतीस. हुशार आहेस हो!"

लोटकं रिकामं. पिवळं फडकं सीटवर. गावाची मूठभर माती मागच्या सीटखाली ओकारीवर पसरलेली.

सेवुगन म्हणाला, "हो अम्मा."

हे दोन शब्दच त्याला खात राहिले. पुढे मला कितीदा तरी म्हणाला, "अक्का, त्या बाईचा काय दोष? पण मी हो का म्हटलं?"

त्याने गाडी झाडून काढली. फाट्यावरच्या बाभळीखालून दुसरी माती खरवडली, लोटक्यात भरली, वर फडकं बांधलं. म्हाताऱ्या अडैक्कन कुंभाराने ते लोटकं डोळ्यांना लावून घेतलं. तायारम्मांनी त्याचा फोटो काढला.

त्यानंतर गडी वाळत चालला. त्याची बायको पोन्नळगु माझ्याकडे आली. "अक्का, ह्यांचं काय ते बघा. घास घेतात आणि हात ताटातच राहतो. कुंभाराच्या बाजूची भाडी सगळी दुसऱ्यांना देतात."

मी त्याला गाठलं. सगळं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"मूर्खा, माती ती माती! तळ्यातली काय आणि बाभळीखालची काय!"

"मग अक्का, त्या मुठीसाठी एवढी वर्षं का भांडलीस?"

थोबाडीत द्यावी असं वाटलं. दिली नाही, विषय बदलला.

"हे बघ," मी म्हटलं, "तू तोंड उघडलंस तर वरची आळी काय म्हणेल? ह्यांच्या हातात मान दिला आणि ह्यांनी ओकारीवर टाकला. आपल्या पोरांच्या पोरांना ऐकवतील. गप बसायचं."

"घोडे भट्टीतून निघालेत अक्का. आता डोळे रंगवतील. डोळे उघडल्यावर तो घोडा पहिल्यांदा माझ्याकडेच बघेल."

"बघू दे!"

त्याच संध्याकाळी तो अंबलमच्या घराकडे निघाला. मी मागे धावले. ओट्यावर जाऊन त्याने सगळं सांगितलं, ओकारीसकट. वर म्हणाला, "चूक माझी एकट्याची, अय्या. आळीचा मान काढू नका. फेटा दुसऱ्या कुणाला बांधा आमच्यातल्या."

अंबलम उठले, आत ऐकू जाऊ नये म्हणून घराचं दार ओढून घेतलं. मला वाटलं, संपलं.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"फक्त ह्या अक्काला, अय्या."

"मग मीही ऐकलं नाही." त्यांचा आवाज खाली आला. "सिंगापूरहून माझे व्याही आलेत घोडे बघायला. सगळीकडे आमंत्रणं गेलीत. आता घोडे फोडू? अडैक्कनला सांगू, परत घडव? तो म्हातारा जागच्या जागी मरेल." मग माझ्याकडे वळले. "आणि तू ग? पहिल्याच खेपेला आळीचं नाक कापून घ्यायचंय?"

मी मान हलवली. जन्मात पहिल्यांदा अंबलम आणि मी एका बाजूला उभे होतो, आणि समोर सेवुगन एकटा.

"पण अय्या, मला शिक्षा तरी..."

"फेटा तुलाच बांधणार. दुसऱ्याला बांधला तर लोक विचारतील का म्हणून. जा, जेवून घे."

मिरवणुकीच्या दिवशी अडैक्कनने घोड्यांच्या डोळ्यांत काळं भरलं. ढोल कडाडले. ह्या वेळी वाजवणाऱ्यांत वरच्या आळीची पोरंही होती, तेही मीच ठरवून घेतलं होतं. अंबलमनी सेवुगनच्या डोक्याला रेशमी फेटा गुंडाळला. तो मान खाली घालून उभा होता. बायका म्हणाल्या, बघा केवढा नम्र. पोन्नळगु रडत होती, आनंदाने. तिला त्याने काही सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून सेवुगन अय्यनारच्या राईत पर्यटकांना घेऊन गेला की आधी तळ्यावर थांबतो. मूठभर माती घेतो आणि त्या खेपेच्या पहिल्या घोड्याच्या खुराशी ठेवतो. आपल्यापुरता भरणा करत होता बिचारा. पण पर्यटकांनी बघितलं. एकीने विचारलं, "आम्ही पण ठेवू का?" त्याला नाही म्हणता आलं नाही. मग दुसऱ्या ड्रायव्हरांनी उचललं. आता तर बिनदिक्कत सांगतात, "इथली फार जुनी प्रथा आहे, मनातली इच्छा बोलायची आणि माती वाहायची." तळ्याच्या काठाला खड्डा पडलाय. घोड्याचे खूर दिसेनासे झालेत.

परवा मी त्याच्या गाडीतून राईत गेले. चेन्नईच्या बायकांची रांग लागली होती, प्रत्येकीच्या मुठीत माती, डोळे मिटलेले.

"अक्का, हे थांबव," सेवुगन म्हणाला. "तू अंधश्रद्धेवर भाषणं देतेस ना?"

"काय सांगून थांबवू?"

"जे झालं ते सांगून."

"यंदा मान पुन्हा आपल्या आळीचा आहे, सेवुगा."

तो माझ्याकडे बघत राहिला. आपला माणूस असं बघायला लागला की अंबलम परवडतो. मग आपली मूठ घेऊन तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

पुढची बाई मागे वळली. "तुम्ही इथलेच ना? मग आधी तुम्ही जा."

"नको अम्मा," सेवुगन म्हणाला, "तुमचं होऊ दे."